निपाणीची तंबाखू, खानापूरची खाजकुयली आणि डोपामीन

डोपामीन, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, नैसर्गिक उपायानं वाढवायचं असेल तर लांब कुठं जायला नको, निपाणीला जावा. तिथं रानात तंबाखू पिकते, शंभर टक्के झाडपाला, आणि डोपामीन वाढवण्यात तिचा हात धरणारं दुसरं पान सापडणं अवघड. बिडीचा झुरका मारला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, डोपामीन सोडणाऱ्या पेशींना चेतवतं आणि माणसाला खरंच तरतरी येते, लक्ष लागतं, हे काय खोटं नाही. पण मेंदू त्याला सरावतो, आणि मग बिडी ओढून जी तरतरी मिळते ती न ओढणाऱ्याला फुकटच असते, तेवढ्यासाठी हा पैसे आणि फुप्फुसं दोन्ही घालवतोय. हे आधीच सांगून टाकलं कारण हल्ली मोबाईलवर कशावरही 'नॅचरल' लिहिलं की लोकांना ते घरच्या गाईच्या दुधासारखं वाटतं.

मुळात डोपामीनचं काम कळलं तेसुद्धा एका झाडपाल्यामुळंच. पश्चिम घाटात सर्पगंधा नावाचं झुडूप सापडतं, त्याची मुळी वैद्य लोक डोकं शांत करायला, झोप यायला देत असत, आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी ती रक्तदाबावर चालते हे १९४९ मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये लेख लिहून जगापुढं मांडलं. १९५२ मध्ये त्या मुळीतलं रिसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढण्यात आलं, आणि पुढं स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे कान पाडून बसले, हलेनात की काय नाही. मग त्यांना एल-डोपा टोचलं, हे डोपामीनच्या अलीकडची पायरी, शरीरात त्याचंच डोपामीन होतं, आणि थोड्या वेळात तेच ससे उठून हिंडायला लागले. ही गोष्ट १९५७ ची. तोपर्यंत डोपामीन म्हणजे दुसरं एक रसायन बनताना मधे लागणारा कच्चा माल एवढंच समजत होते. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं, आणि त्याच धाग्यावरून पार्किन्सन आजारात काय बिघडतं आणि त्यावर कुठलं औषध द्यायचं हेही उलगडलं.

आता यात एक गोष्ट नीट बघा. ससे हलत नव्हते. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन असं जे सगळीकडं वाचायला मिळतं ते तितकंसं बरोबर नाही. अमेरिकेत केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं जवळपास सगळं डोपामीन काढून टाकलं तर ते उंदीर पुढ्यात ठेवलेलं खायलासुद्धा तोंड हलवेनात, उपाशी मेले असते, पण साखरेचं पाणी जिभेवर सोडलं की आधीसारखेच मिटक्या मारायचे. म्हणजे गोड लागत होतं, फक्त ते मिळवायची ओढ गेली होती. आणि वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात तर अजून मजेशीर निघालं, अचानक रस मिळाला की या पेशी जोरात चालायच्या, पण दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उसळायला लागल्या, रसाला गप्प, आणि दिवा लागूनही रस नाही आला तर नेहमीपेक्षा खाली. अपेक्षा काय होती आणि मिळालं काय याचा हा हिशेब आहे. मेंदूत ८६०० कोटींच्या आसपास चेतापेशी, त्यातल्या डोपामीनच्या जेमतेम चार ते सहा लाख, पण काम सुरू करायचं की लोळत पडायचं हे ठरवण्यात त्यांचा आवाज मोठा.

म्हणून 'वाढवायचं कसं' हा प्रश्नच मला जरा तिरका वाटतो. जास्त झालं म्हणजे चांगलं असंही नाही, पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी साधी माणसं जुगाराच्या नादी लागल्याचं डॉक्टरांनी बघितलंय. आपल्या हातात आहे ते एवढंच, की ही यंत्रणा आहे ती धड चालू द्यायची.

आता खाजकुयली. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या रानात फिरलेल्यांना हिच्या शेंगा सांगायला नकोत, अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसायचं. हिच्या बियांत खरोखरचं एल-डोपा असतं, साधारण ४ ते ६ टक्के, आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून जुनं औषध आहे, आणि आता हीच पावडर डब्यात भरून 'फोकस वाढवा' म्हणून ऑनलाइन विकतात. एल-डोपा मेंदूत पोचतं हे खरं, पण म्हणूनच ते औषध आहे, चहात चमचाभर टाकायची वस्तू नाही. मळमळ, उलटी, एकदम बीपी खाली येणं हे सगळं होऊ शकतं, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर तर धोका आहे. धडधाकट पोरानं अभ्यासासाठी हे खावं असं मला अजिबात वाटत नाही.

खाण्याचं म्हणाल तर केळ्यात डोपामीन असतं, त्याचा गाजावाजाही खूप होतो, पण खाल्लेलं डोपामीन रक्तातून मेंदूत शिरतच नाही, मधे पहारा आहे. शरीर ते टायरोसिनपासून स्वतः बनवतं, आणि टायरोसिन डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, मासे सगळ्यात असतं, रोज दोन वेळ बरं जेवणाऱ्याला त्याची वाण पडत नाही, आणि जास्त खाल्लं म्हणून जास्त डोपामीन असंही होत नाही कारण कारखान्याचा वेग एका एन्झाइमवर, म्हणजे हे रसायन घडवणाऱ्या प्रथिनावर ठरतो. मात्र त्या एन्झाइमला लोह लागतं, आणि इथं आपली खरी गोची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालं. घरातली बाई दुपारी गळून जाते, लक्ष लागत नाही म्हणते, तिला घरचे मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवतात, अहो आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा की. थायरॉईडही बघून घ्या. आणि जेवण झाल्या झाल्या जो चहा लागतो ना आपल्याकडं, तो तासभर पुढं ढकला, चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबू पिळून घेतलं तर उलट फायदा.

झोपेवर मी सगळ्यात जास्त जोर देईन. अमेरिकेतल्या मेंदूसंशोधक नोरा व्होल्को यांच्या गटानं निरोगी माणसांना रात्रभर जागवून मेंदूचं पेट (PET) स्कॅन, म्हणजे आतली रसायनं दाखवणारं चित्र काढलं, तर डोपामीनचे डी-टू रिसेप्टर, म्हणजे ज्यावर डोपामीन बसून काम करतं ती जागा, ते कमी झालेले दिसले. म्हणजे डोपामीन असून उपयोग नाही, घेणारेच कमी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नाईट शिफ्ट करणाऱ्याला किंवा पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षेला रात्र काढणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी जे सुन्न वाटतं त्यात याचा वाटा आहे. शिफ्टवाल्याला वेळ बदलता येत नाही हे मान्य, पण दिवसा झोपताना खोली काळोखी करणं आणि शिफ्ट संपता संपता चहा न घेणं एवढं तरी जमतं. पोरांना मात्र काही सबब नाही.

व्यायामाचं जरा गंमतीशीर आहे. २००० साली निरोगी माणसांना अर्धा तास ट्रेडमिलवर पळवून स्कॅन केलं तर डोपामीन सुटण्यात काही फरकच दिसला नाही! पण व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांना आठ आठवडे नेमानं व्यायाम दिल्यावर त्यांचे रिसेप्टर वाढले. म्हणजे एक दिवस राजहंसगड चढून फोटो टाकायचा आणि मग महिनाभर आराम, याचा उपयोग नाही, रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चार फेऱ्या मारणारे आजोबा जिंकले. गार पाण्याच्या आंघोळीचा तो प्रसिद्ध २५० टक्के वाढीचा आकडा ऐकला असेल, तो खरा आहे पण १४ अंशाच्या पाण्यात तासभर गळ्यापर्यंत बसल्यावरचा, आणि मोजलं होतं रक्तातलं डोपामीन, मेंदूतलं नाही. बेळगावच्या जानेवारीत विहिरीचं पाणीसुद्धा तेवढं गार नसतं. बादलीभर गार पाण्यानं जाग येते, तेवढ्यावर समाधान माना.

मोबाईलचं शुल्ट्झच्या माकडांवरून कळतंच की. २००३ मध्ये त्यांच्याच गटाला दिसलं की रस मिळेल की नाही याची शक्यता अर्धी अर्धी असली की वाट बघण्याच्या वेळात पेशी सगळ्यात जास्त चालतात. पुढचं रील चांगलं असेल की भंगार, माहीत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. 'डोपामीन फास्टिंग' वगैरे नावानं उपास करून डोपामीन संपतही नाही आणि साठतही नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर नजरेसमोरून तो दिवा जातो, बस.

आणि गाणं ऐका. मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली मोजलं गेलं, आवडत्या गाण्यात अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामीन सुटतंच, पण त्याच्या आधी, आता ती जागा येणार म्हणून कान टवकारतात तेव्हाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. ज्यानं ख्यालात तान फिरत फिरत समेवर यायची वाट बघितली त्याला हे नवीन नाही, आणि कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा म्हटल्यावर आपल्याला तर मुळीच नाही. त्या प्रयोगात गाणी मात्र ज्याची त्यानं निवडली होती, तेव्हा कुणाला डीजेच आवडत असेल तर त्यानं डीजे ऐकावा, फक्त हेडफोन लावून, नाहीतर अख्ख्या गल्लीचे डी-टू रिसेप्टर सकाळी कमी निघायचे.