एक फाइल, दोन कर्सर आणि एक काना

"मी फाइल उघडलीय, कुणी हात लावू नका!" मार्चअखेर आली की आमच्या ऑफिसात ही हाळी ऐकू येते. फाइल ब्राउझरमध्ये उघडलेली असते, चौघांना एकाच वेळी त्यात लिहायची मुभा असते, तरी हाळी द्यायची थांबत नाही. देणारे गृहस्थ हिशेबात मुरलेले आहेत आणि त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. सामायिक ड्राइव्हवरची फाइल एकाने उघडली की बाकीच्यांना ती नुसती वाचता यायची. कुणी प्रत काढून त्यात बदल केले, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं टिकायचं आणि आधीच्याची दुपार वाया जायची. 'अहवाल_अंतिम', 'अहवाल_अंतिम_नवा', 'अहवाल_अंतिम_नवा_२' ही वंशावळ त्यातूनच जन्मली.

त्यांना एका तरुण सहकाऱ्याने समजावलं, "काका, आता नेट फास्ट झालंय, म्हणून सगळ्यांचं लगेच दिसतं." हे उत्तरही चुकीचंच आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

नेट कितीही वेगवान झालं तरी प्रकाशाला ओलांडू शकत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत धरलं तरी सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे एका बाजूला किमान ६० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाहीत, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो. तेवढ्यात सराईत हाताची पुढची कळ दाबून होते. तुमच्या पडद्यावर दिसणारा मजकूर समोरच्याच्या दृष्टीने नेहमी किंचित शिळा असतो. सगळ्यांची मिळून 'आत्ताची' अशी एक फाइल कुठेच नसते. प्रत्येकाजवळ आपापली प्रत असते आणि तारेतून फाइल जात नाही, जातात बारीक बारीक सूचना: अमुक जागी हे चिन्ह घाल, तमुक जागचं काढ.

खरी गंमत इथे सुरू होते. समजा, फाइलीत 'जमाखर्च' लिहिताना काना चुकून शेवटी पडला आणि शब्द झाला 'जमखर्चा'. संगणक अक्षरं मोजत नाही, युनिकोडची (जगातल्या लिप्या संगणकात साठवायच्या पद्धतीची) चिन्हं मोजतो. ज १, म २, ख ३, र ४, हलन्त ५, च ६, काना ७. (बॅकस्पेस दाबल्यावर अख्खा 'चा' न जाता नुसता काना जातो, हे तुम्ही पाहिलं असेलच.)

आता पुण्यातल्या सुनीताने 'म'पुढे काना घातला. तिची सूचना: 'दुसऱ्या चिन्हानंतर काना घाल.' त्याच क्षणी न्यूयॉर्कच्या महेशने शेवटचा जादा काना पुसला. त्याची सूचना: 'सातवं चिन्ह काढ.' दोघांचंही बरोबर आहे. सुनीताची सूचना महेशकडे पोचते तेव्हा त्याच्याकडे 'जमखर्च' आहे. दुसऱ्या चिन्हापुढे काना बसतो आणि 'जमाखर्च' तयार. पण महेशची सूचना सुनीताकडे येते तेव्हा तिच्याकडे एकूण आठ चिन्हं झालेली असतात आणि सातव्या जागी 'च' असतो. सूचना जशीच्या तशी पाळली तर 'च' उडतो, रफार लटकतो आणि शेवटच्या कान्याला आधाराचं अक्षरच उरत नाही. एका पडद्यावर शुद्ध शब्द, दुसऱ्यावर मोडका, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

उपाय शाळेतल्या बेरजेचा आहे. महेशची सूचना पाळण्याआधी सुनीताच्या संगणकाने एक प्रश्न विचारायचा: ही सूचना लिहिली गेली तेव्हा महेशला माहीत नसलेलं काय माझ्याकडे घडलंय? सातव्या जागेच्या अलीकडे एक चिन्ह वाढलंय. मग सात अधिक एक, आठ. आठवं काढायचं. दोन्हीकडे 'जमाखर्च'.

याला 'ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन' म्हणतात, म्हणजे सूचनेचं रूपांतर. १९८९ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन इथल्या एमसीसी या संशोधन संस्थेत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी ते मांडलं. एलिस हे संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन, १९६९ सालचे. आज कुठल्याही ऑफिस सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत एआयचा जप चालतो. पण रोज चौघांचं लिखाण एकमेकांत न अडकता जुळवणारी ही कल्पना त्या लाटेच्या कितीतरी आधीची आहे आणि तिच्या पोटात बेरीज-वजाबाकीच आहे.

अर्थात इतक्यावर भागत नाही. दोघांनी एकाच जागी काही घातलं तर आधी कुणाचं? त्यासाठी एक ठरीव नियम लागतो, उदाहरणार्थ लहान क्रमांकाच्या सभासदाचं आधी. नियम कोणता याला महत्त्व नाही, तो सगळीकडे तोच हवा. दोघांनी एकच चिन्ह पुसलं तर? दुसऱ्या सूचनेचं रूपांतर 'काही करू नकोस' असं होतं, नाहीतर शेजारचं चिन्ह बळी जातं. कागदावर एक चौकोन काढा. वरच्या डाव्या कोपऱ्यात मूळ मजकूर. सुनीताचा बदल उजवीकडे नेतो, महेशचा खाली. आधी उजवीकडे मग खाली, किंवा आधी खाली मग उजवीकडे, कसेही गेलात तरी समोरच्या कोपऱ्यात एकच मजकूर मिळाला पाहिजे. तिने पाच कळा दाबल्या आणि त्याने तीन, तर असे पंधरा चौकोन, आणि प्रत्येक बंद व्हायला हवा. तिसरा लेखक आला की चौकोनाचा ठोकळा होतो आणि भलेभले चुकतात. पुढे संशोधकांनी गणिती सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तेव्हा 'बरोबर' म्हणून छापून आलेल्या पद्धतींतही भोकं सापडली.

१९९५ साली झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रातल्या ज्युपिटर या प्रणालीने मधोमध सर्व्हर बसवून ठोकळ्याचा पुन्हा चौकोन केला. प्रत्येक संगणकाने फक्त सर्व्हरशी बोलायचं, सूचनांचा क्रम सर्व्हरने लावायचा. याच विचाराच्या वाटेने २०१० साली गूगल डॉक्सचा नवा संपादक आला, ज्यात दुसऱ्याचं लिखाण अक्षराअक्षराने उमटताना दिसू लागलं. तुमचा ब्राउझर बदलांचा एक गठ्ठा पाठवतो, सर्व्हरची पोच येईपर्यंत पुढच्या कळा जवळ साठवतो, मग दुसरा गठ्ठा पाठवतो.

यापेक्षा वेगळा एक मार्गही आहे. बँकेच्या रांगेत 'सातवा माणूस' म्हटलं की पुढे कुणी घुसल्यावर गोंधळ होतो, पण टोकन क्रमांक सांगितला तर माणूस कुठेही उभा असो, सापडतो. तसंच प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख द्यायची. या पद्धतींना 'कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप', थोडक्यात सीआरडीटी, म्हणजे प्रती वेगवेगळ्या बदलल्या तरी भांडण न होता जुळणारी माहिती, हे नाव २०११ साली मिळालं. त्यात मधला सर्व्हर नसला तरी चालतं, मात्र ओळखी सांभाळायला आणि पुसलेल्या चिन्हांच्याही खुणा जपायला जागा लागते.

आता आमच्या हिशेबनीस काकांकडे परत येतो, कारण त्यांची भीती एका जागी खरी आहे. या सगळ्या गणिताची हमी एवढीच, की सर्वांच्या पडद्यावर एकच मजकूर असेल. तो अर्थपूर्ण असेल अशी हमी नाही. सभेचा वार चुकलाय हे पाहून एकाने तो पुसून 'मंगळवारी' लिहिलं आणि त्याच वेळी दुसऱ्याने 'बुधवारी', तर दोघांकडे अगदी एकसारखं 'मंगळवारीबुधवारी' उमटेल.

परवा तेच झालं. 'जमखर्च' मला दिसला, त्यांनाही दिसला आणि आम्ही दोघांनी एकाच क्षणी काना घातला. सॉफ्टवेअरने दोन्ही काने इमानाने ठेवले. ते त्यांच्या टेबलावरून ओरडले, "सांगितलं होतं ना, हात लावू नका!" मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो, एक काना त्यांना पुसायला लावला आणि कागदावर चौकोन काढायला घेतला.