एनफील्ड क्रमांक २ रिव्हॉल्व्हर
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व राष्ट्रकुल सैन्याने वापरलेले सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. १९३२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. नळी ५ इंची. नळी धरून ठेवणारा खटका दाबून ती खाली झुकवली की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकली जातात. कानपूरच्या आयुध कारखान्याचे .३२ (गोळीचा इंचातला ढोबळ व्यास) रिव्हॉल्व्हर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

पहिल्या महायुद्धातले .४५५ चे वेब्ली रिव्हॉल्व्हर जड होते आणि नवख्या शिपायाच्या हातात धड बसत नसे, म्हणून .३८ चा विचार सुरू झाला. नमुना बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने सरकारसाठी तयार केला. सरकारने मात्र तो थोडाफार बदलून एनफील्डच्या आपल्याच कारखान्यात घडवला. कंपनीने २,२५० पौंडांचा दावा लावला, हाती पडले १,२५०. गोळी आधी २०० ग्रेन वजनाची (सुमारे १३ ग्रॅम), निव्वळ शिशाची होती. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवरील हेग जाहीरनाम्याच्या बंदीत ती सापडेल या धास्तीने पुढे १७८ ग्रेनची, धातूचे आवरण असलेली गोळी आली.

ओळख पटवताना प्रथम उजवी बाजू पाहावी. घोड्याखाली (काडतुसावर आघात करणाऱ्या भागाखाली) सांगाड्यावर मुकुट, ‘एनफील्ड’, नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष असे ठसे एकाखाली एक असतात. ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सने बनवलेल्यांवर ‘अल्बियन’ असते. ‘एसएसएम’ ही अक्षरे दिसली तर तो भाग चक्क शिवणयंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीचा. जुळणी मात्र एनफील्डचीच.

फसगत होते ती ताऱ्यापाशी. रणगाड्यात चढता-उतरताना घोड्याचे टोक अडकत असे, म्हणून १९३८ मध्ये ते काढून टाकले आणि ‘मार्क १’ या आवृत्तीच्या नावापुढे एक तारा आला. त्यानंतर घोडा अंगठ्याने मागे ओढायची सोय उरली नाही. प्रत्येक गोळीला चाप जोर लावून पूर्ण ओढावा लागे. जुनी रिव्हॉल्व्हरेही दुरुस्तीला आली की त्यांचा घोडा तासून तारा ठोकला जाई. त्यामुळे सांगाड्यावर १९३४ साल, घोडा बिनटोकाचा आणि तारा जरा वाकडा बसलेला, असा नग दिसला तर तो बनावट ठरवण्याची घाई करू नये. १९४२ च्या दोन ताऱ्यांच्या प्रकारात उत्पादन वाढवण्यासाठी घोड्याचा सुरक्षा-अडसर गाळला होता. हातातून पडल्यास गोळी सुटण्याचा धोका असल्याने युद्धानंतर तो पुन्हा बसवण्यात आला, म्हणून मूळ स्थितीतले नग दुर्मीळ.

सुरुवातीच्या लाकडी मुठीवर पलटणीची खूण कोरण्यासाठी पितळी चकती असे. रुंद बाणाचा ठसा म्हणजे सरकारी मालमत्ता. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे ती मालकी संपली. ‘एफटीआर’ ही कारखान्यातल्या पूर्ण दुरुस्तीची खूण. मुकुटाखाली ‘बीएनपी’ हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा ठसा खासगी विक्रीच्या वेळी पडलेला असतो, त्याचा युद्धाशी संबंध नाही.