मॅकला व्हायरस लागत नाही?

‘मॅकला व्हायरस लागतच नाही’ असं विंडोजवाल्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे साफ चुकीचं आहे. फ्लॉपीवरून पसरलेला ‘एल्क क्लोनर’ हा अगदी सुरुवातीचा व्हायरस १९८२ मध्ये ॲपलच्याच, मॅकच्या आधीच्या ‘ॲपल टू’ संगणकांवर आला. बाधित फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला, की पडद्यावर कविता झळकायची. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ या मालवेअरने (म्हणजे घातक सॉफ्टवेअरने) ‘जावा’ या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून सुमारे ६ लाख मॅक गाठले. विंडोजवर हल्ले जास्त होतात, हे खरंच. पण त्याचं एक मोठं कारण म्हणजे विंडोज वापरणारेच कितीतरी जास्त आहेत. मॅकमध्ये मालवेअर ओळखणारी ‘एक्सप्रोटेक्ट’ यंत्रणा खुद्द ॲपलनेच बसवली आहे. ‘व्हायरस लागतच नाही’ या फुशारकीपायी अपडेट टाळणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. राहिलेलं अपडेट आजच करून घ्या.