रेकॉर्ड डिगिंग (मुंबई)

कमी छापल्या गेलेल्या, दुकानात मागून मिळत नाहीत अशा जुन्या रेकॉर्ड ढिगातून हातानं चाळून शोधायच्या, याला डिगिंग म्हणतात. मुंबईत हा शब्द तसा अलीकडचा, जुनी मंडळी नुसतं 'रेकॉर्डी बघायला चाललोय' एवढंच म्हणतात. जुनी हिंदी, मराठी गाणी कशी शोधायची ते बहुतेकांना माहितीच असतं, म्हणून या नोंदीत सायकेडेलिक रॉक (नशेतल्या भासांसारखं वाटणारं रॉक), क्राउटरॉक (१९७० च्या आसपासचं जर्मन प्रयोगशील रॉक) आणि प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत एवढंच घेतलंय, कारण नावांचा आणि सालांचा सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

आधी क्राउटरॉक या शब्दाबद्दल. क्राउट म्हणजे कोबी, आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थावरून इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात जर्मन सैनिकांना दिलेलं हे हिणवायचं नाव. ते संगीताला कुणी चिकटवलं यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी रेडिओवाल्या जॉन पीलचं नाव घेतं, कुणी ब्रिटिश संगीत साप्ताहिकांचं, तर कुणी म्हणतं की मूळ जर्मनीतलंच, कारण आमोन ड्यूल या जर्मन बँडच्या १९६९ च्या 'सायकेडेलिक अंडरग्राउंड' या रेकॉर्डवरच्या एका लांबलचक शीर्षकात 'सॉअरक्राउटबँड' असा शब्द आलेला आहे. पण तो बँड या शब्दाला जोडलेला विनोद आहे, संगीतप्रकाराचं नाव नाही, त्यामुळे त्याला उगम म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड'मध्ये एका जर्मन कंपनीनं दिलेली पानभर जाहिरात जास्त भरवशाची, कारण तिथे शब्दही छापलेला आहे आणि तारीखही. फाउस्ट या बँडनं १९७३ मध्ये चौथ्या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या जवळपास १२ मिनिटांच्या तुकड्याला 'क्राउटरॉक' असंच नाव दिलं, तोवर शब्द चांगलाच रुळलेला असणार. स्वतः वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो आवडला नाही. 'कोस्मिशे मुझिक' म्हणजे वैश्विक संगीत हा दुसरा शब्द टँजरिन ड्रीम या जर्मन बँडच्या एडगर फ्रोझंनी १९७१ च्या 'आल्फा सेंटॉरी'च्या कव्हरवर वापरला होता, नंतर ओर या कंपनीनं त्याच नावाचा संग्रह काढला. तरी तो सगळ्यांना लावता येत नाही, कोलोनचा कॅन आणि ड्युसेलडॉर्फचा नॉय हे ताऱ्याग्रहांपेक्षा ठेक्याचे बँड आहेत. नॉयच्या १९७२ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं 'हॅलोगॅलो' ऐकताना भजनाची सवय असलेल्याला फार परकं वाटत नाही, गाणारा कितीही फिरून आला तरी ठेका जागचा हलत नाही तसा क्लाउस डिंगरचा ड्रम दहा मिनिटं एका चालीत जातो. समीक्षक त्याला मोटोरिक म्हणतात, डिंगरना स्वतःला ते नाव मान्य नव्हतं.

शोधायचं काय हे कळायला यादी लागते आणि अशा याद्यांमध्ये सगळ्यात मान नर्स विथ वूंड या इंग्लिश बँडच्या यादीला आहे. स्टीव्हन स्टेपलटन, जॉन फॉदरगिल आणि हेमन पाठक या तिघांनी १९७९ मध्ये आपल्या पहिल्या रेकॉर्डसोबत आवडत्या आणि बहुतेकांनी नावही न ऐकलेल्या कलाकारांची नावं छापली, आणि पुढच्या रेकॉर्डसोबत त्यात भर घातली. काही नावं खोटी आहेत अशी वदंता पुष्कळ वर्षं होती. ज्यूलियन कोपचं 'क्राउटरॉकसँपलर' हे पुस्तक १९९५ चं, त्यानं नवे लोक आणले आणि भावही वाढवले.

आता मुंबई. परदेशी सायकेडेलियाचा एक तुकडा इथेच तयार झालाय हे इथल्या लोकांनाच कमी माहिती असतं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननी जानेवारी १९६८ मध्ये फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' या रेकॉर्डचा बराचसा भाग रेकॉर्ड केला, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यात आहेत, आणि बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही त्याच आठवड्यातलं. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट इथे येऊन स्थानिक वादकांबरोबर दोन गाणी वाजवून गेले, महिना कुणी मार्च सांगतं कुणी ऑक्टोबर, ऑक्टोबर जास्त पटतो कारण तेव्हा ते जपानचा दौरा आटपून येत होते. ती गाणी अधिकृतपणे २०१५ मध्येच बाहेर आली, तोवर चोरट्या प्रतींवरच फिरत होती.

इथल्या बँडचं म्हटलं तर 'सिम्ला बीट ७०' आणि 'सिम्ला बीट ७१' या दोन रेकॉर्ड पहिल्या घ्यायच्या. सिगरेट कंपनीनं भरवलेल्या स्पर्धेतल्या बँडची गाणी त्यात आहेत, मद्रास, बंगलोर, कलकत्ता, शिलाँग, सगळीकडची. मुंबईच्या वेल्व्हेट फॉगचं नाव घेताना जपून, बर्मिंगहॅमला जवळपास त्याच नावाचा बँड होता आणि त्याची १९६९ ची रेकॉर्ड आहे, शोधणारे हमखास फसतात. मुंबईच्या बँडमध्ये पुढे नाव झालेले नंदू भेंडे गायचे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी नाटकाच्या घरातून थेट इंग्रजी रॉकमध्ये. १९७४ च्या अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मधला जूडासही त्यांचाच. त्याच नाटकात जीझस झालेले मधुकर चंद्र धस मुंबईच्याच अॅटॉमिक फॉरेस्टचे गायक. या बँडच्या रेकॉर्डचं नाव 'ऑब्सेशन ७७' आणि ती बाजारात आली मात्र १९८१ च्या सुमारास, बँड बंद पडल्यावर, त्यामुळे कव्हरवरच्या आकड्यावरून साल लावू नये. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीनं तिची गाणी पुन्हा काढली तेव्हा कुठे आपल्याकडे चौकशी सुरू झाली, आणि ही गोष्ट मनाला लागते.

सगळ्यात जास्त वाद चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या १९८२ च्या एचएमव्ही रेकॉर्डवर आहे. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या या वादकानं रोलंडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर भैरवी, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले. खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली आणि ऐकणारे चक्रावलेच, कारण शिकागोचं अॅसिड हाउस (टीबी-३०३ च्या घसरत्या आवाजावरचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ज्यापासून धरतात ते फ्यूचर या गटाचं 'अॅसिड ट्रॅक्स' १९८७ चं. मग अॅसिड हाउस मुंबईत जन्मलं का? असं म्हणणारे आहेत, पण शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कुठलाच पुरावा पुढे आलेला नाही, तेव्हा जन्म म्हणण्यापेक्षा एकाच यंत्रातून दोन ठिकाणी निघालेलं म्हणणं बरं. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय असते, मींडीची सवय असलेल्या हाताला ती लगेच सापडणार, आणि शिकागोवाल्यांना तोच घसरता आवाज बटणं फिरवता फिरवता सापडला. पहिलं कोण यापेक्षा यमनचा तुकडा नीट बसून ऐकावा, रेकॉर्डचं मोल तिथे आहे. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले.

पुण्याचा एक धागा इथे नोंदवायला हवा. रजनीश आश्रमातल्या ध्यानाचं संगीत करणारे डॉयटर, ज्यांच्या कॅसेटी महाराष्ट्रात कितीतरी घरांत होत्या, ते मूळचे क्राउटरॉकवाले, १९७१ ची 'डी' ही त्यांची पहिली रेकॉर्ड चांगलीच खरखरीत आहे. ध्यानाची कॅसेट माहीत असणाऱ्यानं ती जरूर ऐकावी.

जागा: चोर बाजारातली मटण स्ट्रीट, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा जुमा बाजार, आणि फोर्टातले फूटपाथ. चोर बाजार हे 'शोर बाजार'चं बिघडलेलं रूप अशी व्युत्पत्ती नेहमी सांगतात, ऐकायला छान आहे, पुराव्यापेक्षा लोककथाच वाटते. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, जर्मन संगीताची चौकशी करणाऱ्यांना गंमत अशी की मॅक्सम्युलर भवन त्याच रस्त्यावर आहे. विकणाऱ्याशी बोलणं हिंदीत, घासाघीस करायची पण रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून चरे बघितल्यावर. लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला नंबर उतरवून घ्यावा, मूळ छपाई की नंतरची ते त्यावरून लागतं. एचएमव्हीच्या भारतीय एलपीवर ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते आणि ती आतल्या तबकडीवरही उतरते, म्हणून घेतल्या घेतल्या धुऊन, पूर्ण वाळवून नव्या पाकिटात घालायची, आणि कव्हर वेगळं ठेवायचं.