कंद कुजतोय, कोंब फुटतोय: ऑर्किडचं काय कापायचं, काय ठेवायचं?

डेंड्रोबियम या ऑर्किडच्या कुंडीत तळाचा एक कंद तपकिरी, मऊ पडलाय. दाबला तर बोटाला पाणी लागतं. आणि त्याच्या शेजारूनच करंगळीएवढा हिरवा कोंब वर आलाय. जुलै-ऑगस्टात वडोदऱ्यात हे हमखास दिसतं, मग घर दांडिया बाजारातलं जुनं असो की अलकापुरीतला फ्लॅट. कोंब पाहून माणूस निर्धास्त होतो: झाड वाढतंय, म्हणजे ठीक असणार. झाड हातचं जातं ते इथेच. तो कोंब मागच्या कंदांच्या साठ्यावर वाढतोय, आणि अन्न ज्या वाटेने त्याच्याकडे येतं त्याच वाटेने कूजही निघालेली आहे.

ही वाट म्हणजे कंदांना जोडणारं आडवं खोड. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम यांच्या आडव्या खोडाला दर हंगामात पुढच्या बाजूला नवा कोंब येतो आणि तो फुगून नवा कंद होतो. (फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला असे कंद नसतात, त्याची गोष्ट वेगळी.) या कंदात पाणी आणि पिष्ट साठवलेलं असतं. रानात ही झाडं फांद्यांवर राहतात. पाऊस थांबला की मुळं लवकर सुकतात, म्हणून हा साठा. पानं गळालेला, सुरकुतलेला जुना कंदही पुढच्या कोंबाला पोसत असतो. दाबून टणक लागला तर तो जिवंत आहे. असे कंद ‘मेले’ समजून छाटलेले पाहिले की जीव हळहळतो.

कुजवणारे मुख्यतः तीन. जिवाणूंची कूज पाणचट असते, तिला घाण वास येतो आणि ती एक-दोन दिवसांत कंद गिळते. फ्युझेरियम ही बुरशी सावकाश चालते. आडवं खोड कापलं तर आत जांभळट-तपकिरी कडं दिसतं. तिसरे पिथियम आणि फायटोफ्थोरा, ज्यांनी खालून वर काळेपणा चढतो. हे दोघे बुरशीसारखे दिसले तरी खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवणारा रोगही फायटोफ्थोराचाच. यांच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत जातात. घरोघरी जे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक शिंपडलं जातं, ते यांच्यावर चालत नाही आणि जिवाणूंवरही नाही. मेटालॅक्झिल या पोहणाऱ्यांवर चालतं. पण झाड कोरडं ठेवणं हा त्याहून मोठा उपाय, कारण पाण्याचा थर नसेल तर पोहणार कुठे?

सगळ्यांत अवघड प्रश्न कापण्याचा. कोवळ्या कोंबाला स्वतःची मुळं नसतात, ती तो थोडा वाढल्यावर बुडापासून निघतात. म्हणजे मागचा कंद तोडला तर कोंबाची शिदोरी तुटते, ठेवला तर कूज पोहोचते. कुजलेला कंद आणि कोंब यांच्यामध्ये एखादा टणक कंद असेल, तर निर्णय सोपा: आडवं खोड टणक कंदाच्या अलीकडे, कुजक्या बाजूला कापा. कापाचा पृष्ठभाग पांढरट-हिरवा, स्वच्छ दिसेपर्यंत थोडं थोडं टणक कंदाकडे सरकत कापा. दर कापानंतर पातं ज्योतीवर तापवा. यात आळस नको, कारण रसातून विषाणूही पसरतात आणि विषाणू लागलेल्या ऑर्किडवर औषध नाही.

कोंबाच्या थेट मागचाच कंद कुजला असेल, तर कोंब वेगळा करावा लागतो. मुळं फुटली असतील तर तो बहुधा तगतो. नसतील तर कापलेली जागा सुकू द्या, मग जेमतेम ओलसर स्फॅग्नम मॉसवर (हे पाणी धरून ठेवणारं शेवाळ), भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीत ठेवा. आशा कमी असते, पण असते. आणि मागे उरलेले टणक कंद फेकू नका. त्यांच्या बुडाशी झोपलेले डोळे असतात. पुढचा वाढता कोंब ऑक्सिन हे संप्रेरक पाठवून त्यांना दाबून ठेवत असतो. जोड तुटली की तो दाब जातो आणि काही आठवड्यांत एखादा डोळा फुगतो. मला ऑर्किडच्या शरीरातली ही सोय विलक्षण वाटते.

कापावर दालचिनीची पूड लावा, मुळांना मात्र लागू देऊ नका, ती सुकतात. मग तीन-चार दिवस पाणी अजिबात नाही. जुना काथ्या टाकून द्या. नर्सरीतून येणाऱ्या झाडाभोवती तो बहुधा घट्ट बांधलेला असतो आणि पावसात दिवसेंदिवस ओला राहतो. प्राणवायू हवेतल्यापेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे ओल्या गचक्यात मुळं गुदमरतात आणि कूज तिथूनच शिरते. त्याऐवजी कोळसा, विटांचे तुकडे, झाडाची साल घाला. कंदावरची कागदासारखी वाळकी सालही हलकेच काढा, तिच्याखाली पाणी अडतं.

वडोदऱ्यात मे महिन्यात पाण्याची सवय लागते, संध्याकाळीही झारी फिरते. पावसाळ्यात तीच सवय घातक ठरते. पाणी सकाळीच द्या, कोंबाच्या पानांच्या द्रोणात साचलं तर कापसाने टिपून घ्या, कुंडी छपराखाली आणा आणि जवळ पंखा चालू राहू द्या. हवा दमट असली तरी चालते, फक्त ती हलती हवी. नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की पाणी वाढवा. खत त्यानंतर, तेही अगदी पातळ करून.