जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार आणि जुन्या सायकलीचं जतन

अडगळीतून एक सायकल बाहेर येते. मडगार्डवर बोटभर धूळ, हँडलवर गंजाचे ठिपके, टायर तडकलेले, चेन सळईसारखी ताठ. काही महिन्यांनी तीच सायकल रस्त्यावर धावते आणि मालक अभिमानाने सांगतो, "रिस्टोर केली." या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं खपतात, आणि ती वेगळी आहेत हे बहुतेकांना कळतं तेव्हा पॉलिश पेपर घासून झालेला असतो.

पहिलं काम जीर्णोद्धाराचं. सायकल कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, तसं रूप तिला परत द्यायचं. रंग नवा, पट्टे नवे, मुलामा नवा, पण सगळं त्या काळच्या नमुन्याबरहुकूम. दुसरं काम जतनाचं. सायकल आज जशी आहे तशी स्वीकारायची, पुढची झीज थांबवायची आणि तिला चालती करायची. जीर्णोद्धार करणारा एक साल निवडतो आणि त्यानंतर सायकलीवर जे जे उमटलं ते पुसतो. जतन करणारा ते सगळं राहू देतो: कॅरिअरने फ्रेमवर पाडलेला ओरखडा, टॉपट्यूबवर वर्षानुवर्षं पाय घासून उडालेला रंग, कुणीतरी मडगार्डवर हाताने लिहिलेली आद्याक्षरं.

गोंधळ होतो कारण दोन्हींचं निम्मं काम तंतोतंत सारखं असतं. सायकल पूर्ण खोलायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, सुटे भाग लेबल लावलेल्या डब्यांत ठेवायचे. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते खरवडून धुवायचं. छर्रे दोन्हीकडे नवेच घालायचे. ते स्वस्त असतात आणि जुने राखण्यात काही अर्थ नसतो. बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथे) सुटे छर्रे असतील तर ते बहुधा पाव इंची, दर बाजूला 11. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पाव इंचीच, दर बाजूला 9. पुढच्या हबमध्ये 3/16 इंची, दर बाजूला 10. पण घातलेले छर्रे कुणी आधीच बदललेले असू शकतात, म्हणून बाहेर काढतानाच मोजून आणि मापून ठेवावेत. कप आणि कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ती वाटी आणि तिच्यात बसणारा निमुळता भाग) पुसून उजेडात धरायचे आणि छर्रे फिरतात त्या वाटेवरून नख फिरवायचं. नख अडखळलं तर तिथे खड्डा पडलाय, आणि तो कोन कितीही अस्सल असला तरी बदलावा लागतो. जतन म्हणजे खरखरणारी बेअरिंग जपणं, असा अर्थ कुणी घेऊ नये. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, कॉटरपिन (क्रँक आसाला धरून ठेवणारी पाचर) हेही दोन्ही वाटांवर बदलतातच. फरक एवढाच, की जतन करणारा काढलेले भाग पिशवीत घालून त्यावर तारीख लिहितो.

मग वाटा फुटतात कुठे? रंगाच्या दुकानात, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं की त्या पहिल्या न सुटणाऱ्या बोल्टपाशीच फुटतात.

जुन्या सायकलीत काहीतरी अडकलेलं असतंच. कधी पायडल असतं (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून कितीतरी जण ते आणखी घट्ट करतात). कधी इंग्लिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप असतो; त्याचेही आटे उलटेच. कधी हँडलचा स्टेम, कधी क्रँकची कॉटरपिन. अशा वेळी सगळ्यात झटपट उपाय म्हणजे आच देणं. लोखंड तापून फुगतं, गंजाची पकड तुटते, पाना फिरतो. पण आच लागली की आसपासचा रंग करपतो, ट्रान्सफर (फ्रेमवर चिकटवलेलं कंपनीचं नाव किंवा चित्र) फुगून सुटतं. रंग काढायचाच ठरला असेल तर आच खुशाल द्यावी. फक्त आधी तेल मारलं असेल तर ते पेट घेऊ शकतं, म्हणून तेल पुसून, मोकळ्या हवेत. रंग राखायचा असेल तर दुसरी वाट धरावी लागते. रोज सकाळ-संध्याकाळ भेदक तेलाचे दोन थेंब, हलक्या हातोडीची टकटक, आणि वाट पाहणं, कधी कधी दोन आठवडे. कॉटरपिनवर सरळ घाव घातला तर तिचं टोक चेपतं आणि ती कायमची बसते, म्हणून क्रँकला खालून भक्कम टेकू द्यावा किंवा दाबून काढायचं अवजार वापरावं. अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट लोखंडी फ्रेममध्ये अडकला असेल तर तो वेगळाच आजार. दोन धातू ओलाव्यात एकत्र राहिल्याने अॅल्युमिनियमचा ऑक्साइड तयार होऊन नळीत ठासून बसतो, आणि गंजावरचं तेल त्याला फारसं हलवत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की जीर्णोद्धार की जतन हे सायकल खोलायच्या आधी ठरवावं लागतं. पहिल्या बोल्टला आच दिली की अर्धा निर्णय झालेला असतो.

पुढचा गोंधळ पृष्ठभागावर आहे, आणि तो सगळ्यात महागात पडतो. वयाचा रंग आणि गंज दुरून सारखेच दिसतात. दोन्ही तपकिरी, दोन्ही मळकट. वयाचा रंग म्हणजे काळवंडलेला मुलामा, पिवळट पडलेलं वॉर्निश, घट्ट बसलेलं जुनं तेल, रंगाची गेलेली चमक. तो तिथे आहे तसा पुढची कित्येक वर्षं राहील. गंज तसा राहत नाही. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो, आणि ज्या लोखंडातून तयार होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून शेजारचा चांगला रंगही खालून उचलत जातो. ओळखायला सोपी खूण: पांढऱ्या फडक्याला हलकं तेल लावून डागावर घासा. फडकं काळं झालं तर तो मळ. नारिंगी झालं तर गंज जिवंत आहे, आणि त्याला थांबवायलाच हवं. चमकदार हँडलवरच्या ठिपक्यांनाही हेच लागू. क्रोम स्वतः तांबूस गंजत नाही. मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा खालच्या लोखंडापर्यंत पोचतो आणि गंज त्या छिद्रातून वर येतो. अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तर वरचा गंज निघतो आणि क्रोमवर चरे पडत नाहीत, कारण अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ आहे. छिद्रं मात्र उरतात. त्यावर मेणाचा हात फिरवून ती बुजवणं हे जतन, आणि भाग पुन्हा मुलाम्याला पाठवणं हा जीर्णोद्धार.

सुट्या लोखंडी भागांसाठी मी ऑक्झॅलिक आम्ल वापरतो, पाण्यात साधारण 2 ते 3 टक्के. ते गंज विरघळवतं आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही. काही तासांनी पाहत राहावं. भाग फार वेळ बुडवून ठेवला तर त्यावर पिवळसर थर चढतो आणि तो काढायला वेगळी मेहनत पडते. बाहेर काढल्यावर भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, लगेच कोरडं करणं आणि लगेच तेल. जस्ताचा मुलामा असलेले आणि अॅल्युमिनियमचे भाग यात बुडवू नयेत. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चश्मा हवाच. रंगीत फ्रेमवर ते थेट ओतण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, थेंबभर लावून पाहावं. जिथे गंज रंगाखाली शिरलाय आणि तिथवर पोचता येत नाही, तिथे टॅनिक आम्लाचं द्रावण बारीक ब्रशने लावतात. गंजाचं रूपांतर निळसर काळ्या, स्थिर संयुगात होतं. काळ्या फ्रेमवर तो डाग दिसतही नाही.

एक फ्रेम मी घाईने वाळूच्या फवाऱ्याखाली दिली होती. काळी, मळकट, रंगाचे पोपडे सुटलेले, राखण्यासारखं काही नाही अशी माझी खात्री होती. नंतर खोलण्याआधीचे फोटो मोठे करून पाहिले, तर सीटट्यूबवर मळाखाली सोनेरी पट्ट्यांची चौकट होती, हाताने ओढलेली, कोपऱ्यांत किंचित जाड झालेली. साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने ती एका दुपारी वर आली असती. नंतर तशीच चौकट पुन्हा काढली, चांगली जमलीही, पण ती माझ्या हाताची आहे. तेव्हापासून माझा नियम आहे, की कुठलाही निर्णय घेण्याआधी सायकल फक्त धुवायची. त्या एका धुण्याने निम्म्या सायकली जीर्णोद्धाराच्या रांगेतून जतनाच्या रांगेत येतात.

म्हणून जीर्णोद्धार हलका आहे असं मुळीच नाही. खरा जीर्णोद्धार जतनापेक्षा जास्त अभ्यास मागतो, आणि नुसतं "नवीकोरी करून टाकणं" म्हणजे जीर्णोद्धार नव्हेच. मुलाम्याचंच उदाहरण घ्या. क्रोमचा मुलामा व्यापारी पातळीवर 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधीच्या सायकलींवर निकेल असे, आणि निकेलची झाक जरा पिवळसर, ऊबदार असते. अशा सायकलीला निळसर चकाकणारं क्रोम चढवलं की ती नवी दिसते, पण तिच्या काळाची दिसत नाही. रंगाचंही तसंच. जुना काळा रंग इनॅमलचा, भट्टीत भाजलेला, पातळ थराचा. आजचं पावडर कोटिंग टिकाऊ आहे, पण थर साधारण 60 ते 120 मायक्रॉनचा बसतो. लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाह्यांच्या) धारदार कडा, फ्रेम क्रमांकाचे खोल आकडे, हेडबॅजची (हँडलखालच्या नळीवरच्या कंपनीच्या बिल्ल्याची) भोकं त्याखाली बोथट होतात, आणि आटे आधी झाकले नाहीत तर कप बसतच नाही. रोज चालवायच्या सायकलीला पावडर कोटिंग उत्तम. पण त्याला जीर्णोद्धार म्हणताना मी थबकेन.

सुटे भाग शोधतानाही अभ्यास लागतोच. इंग्लिश बॉटम ब्रॅकेटचे आटे सर्वसाधारणपणे इंचाला 24 असतात, पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःच्या सायकलींना बराच काळ 26 ठेवले होते. बाजारातला कप पहिले दोन फेरे मुकाट फिरतो आणि मग अडतो. जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातात. रॉड ब्रेकच्या (केबलऐवजी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीला वेस्टवूड आकाराची रिम लागते, कारण त्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूवर, आऱ्यांकडून दाबले जातात. तिथे बाजूने ब्रेक लागणारी एंड्रिक रिम घातली की ब्रेक नुसते दिसायला उरतात. टायरचं "26 इंच" हेही फसवं माप आहे. 26 × 1⅜ म्हणजे 590 मिलिमीटरची बैठक आणि 26 × 1½ म्हणजे 584. जुन्या रोडस्टरचं 28 × 1½ म्हणजे 635. टायरच्या बाजूला छापलेला मिलिमीटरचा आकडा तेवढा खरा धरावा. सायकलीचं साल हवं असेल तर स्टर्मी-आर्चर या कंपनीचा, पोटात गिअर असलेला मागचा हब पुसून पाहावा. 1936 साली आलेल्या त्यांच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबवर पुढे साल आणि महिना ठोकलेला सापडतो. मात्र तो आकडा हबचा असतो. चाक मागाहून बदललेलं असेल तर सायकलीचं साल वेगळं निघेल.

जतनात बाहेरची शोधाशोध कमी आणि हाताचा संयम जास्त. चामड्याची सीट याचा कस पाहते. ती कोरडी, तडकलेली दिसली की हात तेलाच्या बाटलीकडे जातो. भरपूर तेल पाजलं तर चामडं ढिलं पडून खोलगट होतं आणि मग ताणाचा बोल्ट कितीही फिरवा, बसकण येतेच. चामड्यासाठीचं मेणकट मलम, अगदी थोडं, खालून आणि वरून, आणि मध्ये काही दिवसांची विश्रांती. रंगावरही तसंच, आधी साबणाचं पाणी, मग फक्त मेण. घासून चमक आणणारी पेस्ट ट्रान्सफरच्या कडेपर्यंतसुद्धा नेऊ नये. चाकांचा आउट काढताना आधी प्रत्येक निपलला (स्पोक आवळायच्या बारीक नटाला) तेल द्यावं, रात्रभर थांबावं आणि पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नये, नाहीतर जुना स्पोक कटकन तुटतो.

मग कोणत्या सायकलीचं काय करावं? माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे आणि ते मी लपवत नाही. मूळ रंगाचा निम्मा भाग शाबूत असेल तर जतन. ट्रान्सफर वाचता येत असेल तर रंग कितीही उडालेला असो, जतन. कारण जतन केलेल्या सायकलीचा जीर्णोद्धार उद्याही करता येतो. उलट दिशेने मात्र येता येत नाही. मूळ रंग उरलेलाच नसेल, फ्रेमची नळी गंजून पातळ झाली असेल, फोर्क वाकला असेल किंवा जुनं झाळकाम नव्याने करावं लागणार असेल, तर मनात किंतू न ठेवता जीर्णोद्धार करावा. तिथे राखण्यासारखा पुरावा उरलेलाच नाही. फक्त जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसं असू शकतं. ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, मुलांपासून दूर.

सगळ्यात अवघड असते ती मधेच कुणीतरी ब्रशने रंगवून ठेवलेली सायकल. वरचा जाड निळा रंग मूळचा नसतो हे दिसतं, पण खाली काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी रंग काढायचं सगळं सामान बाजूला ठेवून मूळ रंग शोधायचा. हेडबॅज काढून त्याच्या मागे. सीट क्लँपच्या खाली. चेनकव्हर आणि पंपाच्या पट्ट्या जिथे आवळलेल्या असतात तिथे. फोर्कच्या क्राउनच्या वर, जिथे खालचा कप झाकतो. ब्रश तिथे पोचलेला नसतो. त्या नखाएवढ्या तुकड्यात मूळ छटा उन्हाशिवाय राहिलेली असते, आणि ती दिवसाच्या उजेडात एखाद्या रंगपट्टीशी जुळवून, फोटोसह नोंदवून ठेवावी. मग एका कोपऱ्यात वरचा थर बोथट प्लास्टिकच्या पट्टीने हळूच खरवडून पाहावा. कधी तो खालच्या गुळगुळीत इनॅमलवरून पापुद्र्यासारखा सुटत येतो, कारण रंगवणाऱ्याने आधी घासायचे कष्ट घेतलेले नसतात. मग एकेका संध्याकाळी वीतभर नळी मोकळी करत जायचं.