मेडिकेटेड स्टेंटमध्ये गुठळी होते?

"औषधवाला स्टेंट नको, पुढे त्यात गुठळी होते. साधाच टाका." हा सल्ला आजही मिळतो, आणि तो अगदीच हवेतून आलेला नाही. स्टेंट म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी; तिच्यावर औषधाचा लेप असला की तो मेडिकेटेड, म्हणजेच औषधवाला स्टेंट. 2006 साली बार्सिलोनातल्या युरोपीय हृदयरोग परिषदेत पहिल्या पिढीच्या मेडिकेटेड स्टेंटबद्दल अशीच आकडेवारी मांडली गेली आणि डॉक्टरही धास्तावले. शंका रास्त होती. त्या स्टेंटच्या जाळीची तार जाड, औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या) लेपाने काहींच्या धमनीला सूज यायची, आतलं अस्तर उशिरा भरायचं.

पुढे तार बारीक झाली, लेप सुधारला. नॉर्वेतल्या 'नॉरस्टेंट' चाचणीत 9,013 रुग्णांची 6 वर्षांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. गुठळी मेडिकेटेड स्टेंटमध्ये 0.8 टक्के, साध्यात 1.2. म्हणजे उलटंच! पुन्हा धमनी उघडण्याची वेळही कमी जणांवर आली: 16.5 विरुद्ध 19.8 टक्के. मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा महागडा स्टेंट म्हणजे जास्त आयुष्य, हेही कुणी ऐकवू नये.

खरा धोका वेगळाच: बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणं. दाढ काढण्यासाठी गोळ्या थांबवायच्या असल्या, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.